पुनव दिव्याच्या तक्रारी

दुकानात दिवा जेवढा उजेड देतो तेवढा घरी देत नाही. माणसांचंही थोडंफार असंच असतं, पण मला माणसांना नावं ठेवायची नाहीत. दिव्यांचंच सांगते.

नागपूरला गांधीबागेत, कापडाच्या ठोक बाजाराच्या मागच्या गल्लीत भास्कररावांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. दुकानामागे एक शेड, त्यात छोटासा कारखाना. तिथे ‘पुनव’ नावाचा दिवा तयार व्हायचा. दिवा म्हणजे बल्ब नव्हे, बल्ब दुसऱ्या कंपनीचा. आमचं फक्त टीनचं छत्र. बाहेरून हिरवं, आतून पांढरंशुभ्र, वर होल्डर बसवायला भोक. छत्रामुळे उजेड वर वाया जात नाही, सगळा खाली पडतो, एवढीच त्यातली करामत. पण भास्कररावांना एवढ्यावर समाधान नव्हतं. त्यांनी चौकातल्या भिंतीवर पेंटरकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, ‘पुनव लावा, चाळीसच्या बल्बात शंभरचा उजेड!’ शेजारी तांदूळ निवडणारी एक बाई काढली होती आणि तिच्या डोक्यावर डोळे मिचकावणारा चंद्र.

त्या काळी ट्यूबलाइट ज्याच्या घरी तो साहेब. बाकी सगळीकडे पिवळे बल्ब. त्यामुळे ती भिंत वाचून लोक लांबलांबून यायचे. सावनेर, कळमेश्वर, उमरेडकडूनही यायचे. दिवा घेऊन जायचे. आणि मग तोच दिवा घेऊन परत यायचे.

मी कारखान्यात छत्रांना आतून रंग द्यायचे. आम्ही मूळ कोष्टी, म्हणजे विणकर. लहानपणापासून मी मागावर बसणाऱ्यांना कांड्या भरून दिल्या. मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात जी सुताची रीळ बसते तिला कांडी म्हणतात. आमच्याकडचे माग एकेक करून बंद पडले तशा मोहल्ल्यातल्या बाया बिडीकडे गेल्या, मी रंगाकडे आले. रंगाच्या ब्रशला बोलावं लागत नाही, म्हणून ते काम मला फार आवडायचं. मी आधीपासूनच कमी बोलणारी. कुणी मोठ्याने नाव घेतलं तरी माझे कान गरम व्हायचे.

आणि नेमकं याच गुणावर भास्कररावांनी मला तक्रारीच्या बाकड्यावर बसवलं.

“गिरजाबाई, तुम्ही उलटून बोलत नाही,” ते म्हणाले. “गिऱ्हाईक चिल्लावते, चिल्लावते, मंग थकते. तुम्ही फक्त ऐका अन् पाणी द्या.”

मी दोन दिवस घरी रडले. पण त्यांचं म्हणणं खरं निघालं. चिडून आलेला माणूस समोरून उत्तर आलं नाही की काही वेळाने आपोआपच “जाऊ द्या, तुमची काय चुकी” म्हणतो. न बोलण्याचाही पगार मिळतो, हे मला तेव्हा कळलं.

आता धंद्यातली गोष्ट थोडी समजावून सांगते. लोक चाळीसचा बल्ब, साठचा बल्ब म्हणतात. तो आकडा म्हणजे बल्ब खातो किती. देतो किती, ते वेगळं. खूप खाऊन कमी काम करणारे बल्ब मी पुष्कळ पाहिले. दुसरं असं की, वीज नळाच्या पाण्यासारखी येते. दुपारी तुम्ही एकटेच नळ सोडता तेव्हा धार जोरात असते. संध्याकाळी अख्खा मोहल्ला नळ सोडतो, मग करंगळीएवढी धार. दिवा विकत घ्यायला लोक दुपारी यायचे आणि लावायचे संध्याकाळी. शिवाय आमच्या दुकानात दिवा दाखवायची एक खोली होती. तिच्या भिंती चुन्याने पांढऱ्या केलेल्या, मागे मोठा आरसा, आणि दार लावलं की आत अंधार. तिथे भास्करराव बटण दाबायचे. गिऱ्हाईक डोळ्यांवर हात घ्यायचं. तोच दिवा घरी चुलीच्या धुराने काळ्या झालेल्या स्वयंपाकघरात टांगला की तो बिचारा काय करणार? काळी भिंत उजेड खाते आणि परत काहीच देत नाही.

पुष्कळ तक्रारी बायांच्या असायच्या, म्हणून घरी जाऊन पाहायलाही मलाच पाठवायचे. मी पिशवीत एक चांगला बल्ब आणि एक कोरडं फडकं ठेवायचे. पहिल्यांदा बटण बंद करून फडक्याने बल्ब पुसायचे. त्यावर तेलाच्या फोडणीचा असा थर असायचा की फडकं चिकटायचं. पुसला की लख्ख. पण त्यावर घरच्या बाईचं तोंड उतरायचं, सासू शेजारी असली तर जास्तच. म्हणून मी एक वाक्य शिकून ठेवलं होतं, “कारखान्यातूनच तेल लागून येते.” कारखान्याची बदनामी झाली, पण त्या घरांमध्ये मला चहा मिळत गेला.

महालातल्या एका घरी गेले तर वेगळाच प्रकार. छत्र उलटं टांगलेलं, वाडग्यासारखं तोंड वर करून. सगळा उजेड छताकडे. वरच्या पाली दिसत होत्या, खालचं जेवणाचं ताट दिसत नव्हतं. मी म्हटलं, “बाई, हे उलटं लागलं आहे.”

“उलटं कसं?” बाई म्हणाल्या. “चंद्राचं तोंड पहा की. सरळ लावलं तर चंद्र डोक्यावर उभा राहतो.”

मी पाहिलं. खरंच. छत्रावर बाहेरून जो चंद्राचा कागदी शिक्का होता तो असा चिकटवलेला की छत्र उलटं धरलं तरच चंद्र सुलटा. मग उलगडलं. आम्ही रंग देताना छत्र तोंड वर करून ठेवायचो आणि वाळत असतानाच बाहेरून शिक्का चिकटवायचो. आमच्या बाजूने चंद्र सरळच होता! किती घरांत पुनव पालींना उजेड देत होता, देव जाणे. मी भीत भीत भास्कररावांना सांगितलं. त्यांनी एक छत्र हातात घेऊन उलटसुलट फिरवून पाहिलं. मग म्हणाले, “शिक्के संपेपर्यंत चालू द्या. कुणी विचारलं तर सांगा, छताकडून येणारा उजेड डोळ्यांना थंड असते.”

सावनेरकडच्या कोळशाच्या खाणीत काम करणारा एक माणूस आला होता. धिप्पाड, हातात पुनव. मी पाण्याचा गिलास भरून तयारच ठेवला. तो बाकड्यावर बसला आणि खाली मान घालून हळूच म्हणाला, “बाई, हा लई उजेड देते.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“दिवसभर मी जमिनीखाली. कपाळावर बत्ती. समोरच्याच्या कपाळावर बत्ती. घरी आलो की मले जरा अंधार पायजे. पण बायको म्हणते, भिंतीवर लिहिलं आहे, घेऊन या. आता रोज माझे पाय पाहते, नखं पाहते, मानेवरचा कोळसा पाहते. पुन्हा पुन्हा आंघोळीले पाठवते. याच्यात काही कमी करता येते का?”

एवढ्या वर्षांत कमी उजेड मागणारा तो एकटाच. मी त्याला पंचवीसचा बल्ब दिला. तो म्हणाला, “पण छत्र हेच ठेवतो. तिले कळाले नोको.” त्याच्या बायकोचीही तक्रार येईल म्हणून मी बरेच दिवस दाराकडे बघत होते. आली नाही.

पण डोमाजींच्या तक्रारीपुढे या सगळ्या तक्रारी म्हणजे लहान मुलांची कुरकुर.

डोमाजी आमच्या पाचपावलीच्या मोहल्ल्यातले म्हातारे विणकर. माझ्या वडिलांच्या मागाला लागून त्यांचा माग होता, मी त्यांना काका म्हणायचे. मोहल्ल्यातले बहुतेक माग गेले तरी त्यांचा चालू होता. खड्ड्याचा माग. विणकर जमिनीवर काठाशी बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडून पावड्या दाबतो. घराच्या पुढच्या खोलीत अर्धी जागा या मागानेच अडवलेली. त्यांचा मुलगा पुरुषोत्तम कळमेश्वरला एका कारखान्यात तयार माल तपासायचा. खोट काढणं हीच त्याची नोकरी. त्याला तो खड्डा बुजवून, वर फरशी घालून बैठकीची खोली करायची होती.

पुरुषोत्तमची मुलगी कुंदा हिचं लग्न ठरलं होतं. डोमाजींनी जाहीर केलं, नातीची साडी मी विणणार, करवतकाठी. काठावर करवतीच्या दात्यांसारखे दाते येतात ती. एक दाता लहानमोठा झाला तरी जाणकाराला दिसतो. त्यावर पुरुषोत्तमने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “ठीक आहे बाबा. साडी बिनखोट निघाली तं माग राहील. खोट निघाली तं लग्नाआधी खड्डा बुजवतो.”

डोमाजींनी लगेच पुनव आणला. आणि तिसऱ्या दिवशी माझ्या बाकड्यासमोर येऊन उभे राहिले.

“काहून वं गिरजे, हा दिवा आहे का काजवा? शंभरचा उजेड म्हणते अन् माझ्या धोट्याले रस्ता दिसत नाही.”

मी त्यांच्या घरी गेले. दिवा त्यांच्या पाठीमागे टांगलेला होता, त्यांची स्वतःचीच सावली विणकामावर पडत होती. मी तो पुढे घेतला. बल्ब पुसला. चाळीसचा काढून साठचा लावला. चार दिवस शांतता. मग पुन्हा आले. शंभरचा लावला. छत्र इतकं तापायला लागलं की कुंदा म्हणाली, “आजोबा, आता याच्यावर पापड भाजून घेऊ का?” तरी तक्रार तीच. शेवटी भास्करराव वैतागून म्हणाले, ट्यूबलाइट लावून पाहा. लावली. दुसऱ्याच दिवशी डोमाजी हजर.

“एका धोट्याचे चार धोटे दिसून राहिले! कोणता पकडू?”

ट्यूबलाइट लुकलुकते, आपल्याला कळत नाही, पण झपकन जाणारी वस्तू तिच्यात तुटक दिसते. पंख्याची पाती बघा कधीतरी. ती काढून पुन्हा पुनव लावला. दिवाळी जवळ आली होती, दुकानात गर्दी. डोमाजींनी मग नवाच उद्योग सुरू केला. सकाळचं विणून झालं की दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचे आणि येणाऱ्याला सांगायचे, “पुनव नाही गा, अमावस्या आहे ते. पाहून घेजा.” गिऱ्हाईक हसायचं आणि पायरीवरूनच परत फिरायचं. भास्कररावांना ना त्यांना उठवता येई, ना ओरडता येई. एवढ्या वयाच्या माणसाला बाजारात कोण ओरडणार?

एके दिवशी तर डोमाजी तडक आत आले आणि गल्ल्याजवळ उभं राहून भास्कररावांना झाडायला लागले. “भास्कर, तू भिंतीवर खोटं लिहितं! तुले लाज कशी नाही वाटत? नुसता उभा आहे मुक्याने! बोल ना गा आता!” भास्करराव त्यांच्या मागे, हातात चहाचा कप घेऊन उभे होते. डोमाजी बोलत होते ते खुंटीवरच्या कोटाशी. वर भास्कररावांची टोपी होती.

सगळं दुकान हसलं. भास्करराव म्हणाले, “लई नौटंकी माणूस!” डोमाजीही हसले, “तुझ्यापेक्षा कोट बरा, शांतपणानं ऐकते.” म्हणून वेळ निभावली. पण मी त्यांच्या शेजारीच उभी होते. कोट आहे हे कळल्यावर त्यांचा चेहरा क्षणभर कसा झाला, ते मी पाहिलं होतं. त्यांना ते आधी माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी भर दुपारी त्यांच्या घरी गेले. दार सताड उघडं, ऊन थेट मागावर. त्यांच्या हाताशीच ताण्याची, म्हणजे उभ्या सुताची, एक तार तुटून लोंबत होती. मी म्हटलं, “काका, तार तुटली.”

“दिवा लाव,” ते म्हणाले.

एवढ्या उन्हात. मी बटण दाबलं. त्यांनी बोटं ताण्यावरून अलगद फिरवली, तुटलेलं टोक चिमटीत धरलं आणि न बघता सांधा मारला. बोटं अजून तरणीच होती. त्यांच्या बुबुळांवर मात्र ताकासारखी पांढुरकी छटा मला आता उजेडात स्पष्ट दिसली.

माझ्यावर मोठंच संकट आलं. बल्ब पुसून हा उजेड वाढणार नव्हता. पुरुषोत्तमला सांगावं तर तो म्हणणार, आंधळ्या माणसाला माग कशाला, आणि खड्डा बुजवणार. डोमाजींना सरळ सांगावं तर ते मला घराबाहेर काढणार. मोतीबिंदू हा शब्द नुसत्या वयाकडे बघून सहज काढणाऱ्या डॉक्टरला त्यांनी एकदा “तुझ्या बापाले असेल” म्हटलं होतं, हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. आणि गप्प राहावं तर साडी बिघडणार. आयुष्यभर मला गप्प राहणं जमलं होतं, तेवढंच या वेळी चालत नव्हतं.

पुढच्या वेळी ते तक्रार घेऊन आले तेव्हा मी पाणी दिलं नाही. खाली बघत म्हटलं, “काका, ग्यारंटीत एक अट आहे.”

“कोणती अट?”

“गिऱ्हाइकाचे डोळे तपासलेले पायजेत. तसा डॉक्टरचा दाखला पायजे. नाही तर कंपनी म्हणते, दिवा ठीक आहे, गिऱ्हाइकाचेच डोळे खराब.”

“असं म्हणते? माझ्या डोळ्यांले?”

“मी नाही म्हणत, काका. कंपनी म्हणते.”

“कंपनी कोण? हा भास्करच ना?”

मी मान हलवली. तिकडे भास्करराव काउंटरवरून कान टवकारून ऐकत होते. अशी काही अट नव्हती. पण त्यांना ती ऐकताक्षणी आवडली. “हो डोमाजी, नियम म्हणजे नियम!” ते तिथूनच ओरडले.

डोमाजींनी धोतराचा सोगा सावरला. “आणतो दाखला. तुझ्या तोंडावर नाही फेकला तं नाव नाही सांगणार.”

त्या दिवसांत जवळच्या धर्मशाळेत डोळ्यांचं फुकट शिबिर लागलं होतं. कुंदा त्यांना घेऊन गेली. डोमाजी काखेत पुनव घेऊन गेले. कुंदा नंतर पोट धरून सांगायची, तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, “बाबा, हे काय आणलं?” तर म्हणाले, “हा आरोपी आहे साहेब. माझी तपासणी याच्याच उजेडात करा, मंग लिहून द्या.” डॉक्टर समजूतदार असावेत. त्यांनी हसून छत्र टेबलावर ठेवून घेतलं, डोळे तपासले आणि म्हणाले, “बाबा, दिव्याची चौकशी नंतर करू. आधी साक्षीदाराचे डोळे दुरुस्त करून घेऊ. मोतीबिंदू पिकला आहे, पण तो निघतो.”

निघतो, हा शब्द डोमाजींना पटला असावा. आतापर्यंत त्यांना वाटत होतं की मोतीबिंदू म्हणजे संपलंच. त्यांचे वडील तसेच अंधारात गेले होते. पुरुषोत्तमला कळलं तेव्हा तो रागावला, मग शिबिरात वडिलांजवळ बसायला त्याने कारखान्यातून सुट्टी घेतली. पण अट त्याने मागे घेतली नाही. “साडीचं साडीच्या जागी,” म्हणाला.

इकडे भास्कररावांनी माझी अट सगळ्यांनाच लावायला सुरुवात केली. कुणीही तक्रार घेऊन आलं की, “डोळे तपासले का?” एका मास्तरीणबाईंनी त्यांना असं काही सुनावलं की ती अट त्याच संध्याकाळी रद्द झाली.

डोमाजी एका डोळ्याचं ऑपरेशन करून आले. हिरवी पट्टी निघाली, जाड भिंगाचा चष्मा आला. पहिल्यांदा चष्मा लावून दुकानात आले ते माझ्यापुढे वाकून बराच वेळ बघत राहिले.

“म्हातारी झाली वं गिरजे!”

“तुम्ही किती वर्षांनी पाहून राहिले, काका?” माझ्या तोंडून निघून गेलं. भास्करराव हातातलं काम सोडून हसले. मी कुणाला उलटून बोलले ते तेव्हा पहिल्यांदाच.

मग त्यांनी टांगलेल्या पुनवकडे पाहिलं. आत पाहिलं, बाहेर पाहिलं. “याले आतून रंग कोण देते? ब्रशचे ओरखडे दिसून राहिले.” रंग मीच देत होते एके काळी. मी ऐकून घेतलं.

आता सगळं सुरळीत होईल असं वाटलं होतं. पण साडी अर्धी झालेली आणि लग्न जवळ आलेलं असताना नवीच पंचाईत झाली. त्या जाड भिंगातून सगळं मोठं आणि जवळ दिसायचं. धोटा पकडायला जावं तर हात अलीकडेच हवेत मिटायचा आणि धोटा खाली पडायचा. दाते विणायला जावं तर एकेक तार दोरखंडासारखी. मी गेले तेव्हा त्यांनी विणलेलं बोटभर उसवून ठेवलं होतं. कपाळावर घाम. दारात पुरुषोत्तम उभा होता. त्याची नजर मागावर नव्हती, खड्ड्यावर होती. किती माती लागेल याचा अंदाज घेत असावा.

“दिसत नव्हतं तवा विणता येत होतं,” डोमाजी मला हळूच म्हणाले. “आता दिसते तं हात भुलले. तुझ्या अटीनं मारलं वं मले.”

ते खोटं नव्हतं. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. मी कांड्या भरत कोपऱ्यात बसले, दुसरं काय करणार. कुंदाच बोलली. “आजोबा, तुमचा चष्मा विणते का तुमचे हात विणते? मंग त्याले कायले मधात घेता?”

डोमाजींनी तिच्याकडे पाहिलं. मग चष्मा कपाळावर सरकवला, डोळे मिटले आणि पावडी दाबली. धोटा गेला, आला. गेला, आला. तो आवाज ऐकून शेजारच्या घरातली म्हातारी ओट्यावर येऊन बसली. मधेच ते थांबायचे, चष्मा खाली ओढायचे, वाकून काठ तपासायचे, पुन्हा चष्मा वर. कुंदा म्हणायची, “कपाळाले काय दाखवून राहिले?” तर म्हणायचे, “नशीब वाचाले लावला. तू कांडी दे.”

साडी मागावरून उतरली तेव्हा हळदीला थोडेच दिवस उरले होते. त्या संध्याकाळी मलाही बोलावलं. पुरुषोत्तम कारखान्यातून आला, हातपाय धुतले, खाटेवर स्वच्छ चादर अंथरली आणि साडी उलगडून पुनवच्या खाली धरली. आमच्याकडे नवरीलाही एवढं निरखून कुणी पाहिलं नसेल. हात-हातभर पुढे सरकत गेला. काठ उलटून पाहिला, सुलटून पाहिला. मोहल्ल्यात सगळीकडे दिवे लागले होते, वीज दमलेली, बल्ब निखाऱ्यासारखा. कुंदा नख चावत होती. डोमाजी भिंतीला टेकून चष्म्यातून मुलाकडे बघत होते. त्या भिंगांमागे त्यांचे डोळे केवढे तरी मोठे दिसत होते.

“बाबा,” बऱ्याच वेळाने पुरुषोत्तम म्हणाला, “ऑपरेशनच्या आधीचं कुठवर आहे अन् नंतरचं कुठून आहे?”

“तू सांग. तपासनीस तू आहे.”

पुरुषोत्तम पुन्हा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. मग साडीची घडी घालता घालता थांबला आणि घडीवर हात ठेवून म्हणाला, “नाही सापडत. राहू द्या खड्डा. पाहुणे मांडवात बसतील.”

कुंदा आजोबांच्या गळ्यात पडली. पुरुषोत्तमने साडी घडी करायला माझ्याकडे दिली. मी काठाला काठ जुळवत होते. माझे डोळे घडीकडे होते, पण बोटं सवयीने काठावरून चालली होती. निऱ्यांच्या भागात एका जागी ती थांबली. एक दाता लहान होता. डोळ्यांना काही नाही, बोटाला मात्र खड्यासारखा लागला.

मी वर पाहिलं. डोमाजी माझ्या बोटाकडेच बघत होते. ते उठले, माझ्या हातातून साडी घेतली, घडी पुरी केली आणि कुंदाच्या ओटीत ठेवली. मग मान वर करून छत्राकडे पाहत राहिले. पुनव दिव्याची स्तुती मी माझ्या सगळ्या नोकरीत तेवढी एकदाच ऐकली.

“भास्करले सांगजो वं गिरजे, दिवा चांगला आहे. जेवढं दिसाले पायजे तेवढंच दाखवते.”